झाडांची मोजदाद आणि वाणांचा हिशेब

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी आणि खराबवाडी या गावांच्या शिवारांत आज जेथे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने अहोरात्र चालतात, आणि त्याही आधी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी येथे जेथे यंत्रांची घरघर सुरू झाली, तेथे सातबाऱ्यावरची नावे बदलली तेव्हा जमिनीबरोबर बांधावरची, विहिरीकाठची आणि ओढ्याच्या कडेची जुनी झाडेही नव्या धन्याच्या हाती गेली. आणि या झाडांत रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या, आंब्यांचा भरणा मोठा होता. त्यांपैकी जी अद्याप उभी आहेत त्यांच्यावर कधी नव्या शेडसाठी, कधी रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कुऱ्हाडीचा प्रसंग आला म्हणजे त्या कुऱ्हाडीच्या समर्थनार्थ एक ठरावीक युक्तिवाद पुढे केला जातो. कारखान्यांच्या कचेऱ्यांपासून सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांपर्यंत तो इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. ती तपासणी करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या युक्तिवादाचे अवयव चार. पहिला असा की, एका झाडाच्या बदली अनेक झाडे लावली म्हणजे निसर्गाचे देणे व्याजासकट फिटते. दुसरा असा की, रायवळ आंबा ही हलक्या प्रतीची वस्तू असून, जे उत्तम होते ते पूर्वजांनी केव्हाच निवडून हापूस, पायरी, केशर अशा कलमांच्या रूपाने आपल्या स्वाधीन केले आहे. मागे राहिला तो गाळ. तिसरा असा की, त्या गाळातही काही मौल्यवान असेलच तर त्याचे जतन शास्त्रज्ञ आपल्या संग्रहालयांत व शीतगृहांत करतील. ते काम कारखान्याच्या कुंपणात होण्याचे कारण नाही. आणि चौथा असा की, औद्योगिक पट्ट्यात आमराईसाठी गळा काढणे ही निव्वळ भावुकता असून यंत्रयुगाशी तिचा काही संबंध नाही. या चारही मुद्द्यांना व्यवहारचातुर्याचा मुलामा आहे, आणि पहिल्याला तर कायद्याचाही आधार आहे. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद हळव्या शब्दांनी होणार नाही, तो शास्त्राच्या आणि हिशेबाच्या भाषेतच केला पाहिजे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवणे बरे. कारखान्यांनी या मुलुखाला अन्न दिले, हे नाकारण्याचा करंटेपणा प्रस्तुत लेखक करू इच्छीत नाही. जिराईत जमिनीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर ज्यांच्या बापजाद्यांनी दिवस काढले त्यांना महिन्याच्या पगाराचे मोल पुण्यातील पर्यावरणप्रेमी पाहुण्याने शिकवावे लागत नाही. वाद कारखाना असावा की नसावा याचा नाही. कारखाना उभारताना जे नाहीसे होते त्याची किंमत आपण खरी मांडतो की खोटी, एवढ्यापुरताच तो आहे.

प्रथम संख्येचा मुद्दा घेऊ. नागरी हद्दीतील झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याविषयीचा अधिनियम आहे. हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा अधिनियम असून त्याच्या अनुसूचीत आंब्याचा समावेश आहे. पैकी पहिल्या अधिनियमात २०२१ साली सुधारणा झाली, पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावी असे गणित घालून देण्यात आले. जुन्या झाडाला नव्या रोपट्याच्या पंगतीत बसवू नये एवढी समज या सुधारणेत आहे, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु वय आणि संख्या या दोनच मापांनी झाड मोजले म्हणजे ते पुरते मोजले जाते, हा जो समज तिच्या पोटात दडलेला आहे तो आंब्याच्या बाबतीत मुळातच चुकीचा आहे.

आंब्याचा मोहोर परागीकरणासाठी बहुतांशी कीटकांवर विसंबून असतो, आणि शेजारच्या झाडाचा पराग घेऊन फळ धरण्याकडे त्याचा कल असतो; त्यामुळे आपल्याकडच्या आंब्याच्या प्रत्येक कोयीत माता आणि पिता यांच्या गुणांची नवी सरमिसळ होते. गोड आंब्याची कोय पेरली तर गोड आंबाच येईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही, हे शेतकऱ्याला जनुकशास्त्र जन्माला येण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. कोयीपासून वाढलेले प्रत्येक झाड म्हणूनच जगात एकमेव असते: त्याच्यासारखे दुसरे झाड पूर्वी झालेले नसते आणि पुढे होण्याची शक्यता नसते. गावोगाव ही झाडे शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, केळ्या, बिटकी अशा नावांनी ओळखली जातात त्याचे कारण हेच. एकाला शेपूचा वास, दुसऱ्याच्या गराला खोबऱ्याची चव, तिसरा नुसता चोखून खाण्याजोगा, चौथा पिकल्यावर बेचव पण कैरीपणी लोणच्याला असा की मुरल्यावरही फोड करकरीत राहावी. मोहोराची वेळ, पाड लागण्याची वेळ, सालीची जाडी, फळाचा टिकाऊपणा हे सारे झाडागणिक वेगळे. कलमाचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. हापूसच्या एका फांदीपासून शंभर कलमे केली तर डोळ्यांना शंभर झाडे दिसतात, पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने ते एकच झाड शंभर ठिकाणी उभे असते.

आता हिशेब करून पाहावा. बांधावरच्या दहा रायवळ आंब्यांत दहा निरनिराळे वाण असतात. ते तोडून त्यांच्या बदली हापूसची हजार कलमे लावली, तर झाडांची संख्या शंभरपट होते आणि वाणांची संख्या दहावरून एकावर येते. एखाद्या मठातील दहा दुर्मीळ पोथ्या जाळून त्यांच्या बदली एकाच पंचांगाच्या हजार प्रती तेथे रचून ठेवाव्या आणि ग्रंथसंग्रह वाढल्याची द्वाही फिरवावी, तशातला हा प्रकार होय. बरे, प्रत्यक्षात लावली जातात ती बहुधा आंब्याची कलमेही नसतात. कुंपणाच्या कडेने सरळ रेषेत शोभेची, झपाट्याने वाढणारी, पाणी थोडे मागणारी झाडे लावण्याकडे व्यवस्थापनाचा कल असतो. सावली आणि धूळ अडविणे या कामी ती उपयोगी पडत असतील, पण गेलेल्या आंब्याची भरपाई त्यांनी होते असे म्हणणे म्हणजे घेतलेले कर्ज एका सावकाराचे आणि परतफेड दुसऱ्याकडे, असा व्यवहार आहे. जुने झाड समूळ उचलून दुसरीकडे लावण्याचा उपाय याहून प्रामाणिक खरा, कारण त्यात निदान तोच वाण जगविण्याचा यत्न असतो. परंतु विस्तीर्ण मुळांचा मोठा आंबा नव्या जागी तग धरीलच याचा भरवसा नसतो, आणि तो सुकला तर त्याच्याबरोबर त्याचा वाणही संपतो.

दुसरा मुद्दा असा की, निवड पूर्वीच होऊन गेली, उत्तम ते हाती आले, उरला तो गाळ. या समजुतीचे खंडन करण्यास आंब्यापेक्षाही ऑलिव्हचे उदाहरण अधिक उपयोगी आहे, कारण फळझाड माणसाळविण्याचा इतका दीर्घ आणि इतका बारकाईने तपासलेला इतिहास क्वचितच दुसऱ्या कोणत्या झाडाचा असेल. ऑलिव्ह हे काही आपल्याला अगदीच परके नव्हे. जाई-जुई आणि पारिजातक ही त्याच्याच कुळातली. आणि चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या रानात, पारजांब नावाचा त्याचा एक रानटी भाऊबंद आजही उभा आहे.

जॉर्डन नदीच्या खोऱ्यात तेल त्साफ येथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत ऑलिव्हच्या लाकडाचा कोळसा मिळाला. त्या भागात हे झाड आपण होऊन उगवत नाही. अर्थात कोणीतरी ते तेथे आणून लावले होते. या पुराव्याने लागवडीची प्राचीनता सिद्ध होते, आणि आमचे प्रतिपक्षी येथेच थांबू पाहतील: सात हजार वर्षे निवड झाली, आणखी काय हवे? परंतु २०१३ साली गियोम बेनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमध्य समुद्राभोवतालच्या हजाराहून अधिक रानटी आणि पाचशेहून अधिक लागवडीच्या ऑलिव्ह झाडांच्या हरितकणांतील जनुकद्रव्य तपासून जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, तो वेगळीच कथा सांगतो. रानटी ऑलिव्हचे मूळचे तीन गट: एक पूर्वेकडील, दुसरा एजियन समुद्राच्या परिसरातील, तिसरा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीकडील. आजच्या बहुसंख्य वाणांचे मातृकुळ पूर्वेकडचे आहे, म्हणजे माणसाळविण्याचा पहिला मोठा उद्योग तिकडे झाला. पण ते वाण व्यापाऱ्यांबरोबर व वसाहतवाल्यांबरोबर पश्चिमेकडे सरकत गेले तेव्हा वाटेत भेटलेल्या रानटी झाडांशी त्यांचा पुनःपुन्हा संकर झाला, आणि त्यातून त्या त्या प्रदेशाला मानवणारे नवे वाण निपजले. निवड एकदा होऊन दप्तर बंद झाले असे कधी घडलेच नाही. बागेतले झाड आणि रानातले झाड यांची देवघेव चालू राहिली, म्हणून बाग टिकली. इस्राएलातील पुरातन ऑलिव्ह झाडांची तपासणी करणाऱ्यांना असेही आढळले आहे की, पुष्कळ ठिकाणी झाडाचा वरचा भाग एका प्रसिद्ध वाणाचा असतो, पण बुंध्यापासून फुटलेले धुमारे वेगळ्याच जनुकांचे असतात. म्हणजे शतकानुशतके ज्या झाडांच्या नामांकित फळांचे गुणगान झाले, त्यांचे पाय दुसऱ्याच कोणा झाडाचे होते.

ही देवघेव विसरल्याचा परिणाम काय होतो तेही ऑलिव्हनेच दाखवून दिले आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला पुल्या हा प्रांत आहे. तेथील शासनाने २००७ साली खास कायदा करून आपल्या विशाल, पुरातन ऑलिव्ह झाडांना संरक्षण दिले. आपल्या वारसा वृक्षाच्या कल्पनेशी या कायद्याचे साम्य कोणाच्याही लक्षात यावे. परंतु त्या प्रांताच्या सालेंतो भागातील बागा मुख्यत्वे ओलियारोला आणि चेल्लिना या दोनच वाणांनी व्यापलेल्या होत्या. २०१३ साली तेथे झायलेला नावाचा जिवाणू आढळला. झाडाच्या जलवाहिन्या तुंबवून त्याने लक्षावधी झाडे उभी वाळवली, आणि कायद्याने जपलेले कित्येक प्राचीन बुंधे त्यांत होते, कारण रोगाला झाडाचे वय दिसत नाही, त्याला झाडाचा वाण दिसतो. अखेर आशा उरली ती लेच्चिनो आणि एफएस-१७ या तेथे तुलनेने दुर्लक्षित वाणांत, ज्यांच्या काड्या जुन्या खोडांवर बांधून पाहण्यात आल्या. आणि त्याही पलीकडे, रोगग्रस्त बागांच्या कडेला आपोआप उगवलेल्या, कोणी न लावलेल्या रोपांत, ज्यांच्यामध्ये प्रतिकाराची शक्ती असलेली रोपे तेथील शास्त्रज्ञ आजही शोधीत आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, पुल्याचे शास्त्रज्ञ रायवळ ऑलिव्हच्या शोधात बांधाबांधाने हिंडत आहेत.

आंब्याकडे वळले तरी निष्कर्ष तोच निघतो. आज ज्या कलमांचा डौल मिरविला जातो त्यांपैकी प्रत्येक वाण कधी ना कधी एका रायवळ झाडापासूनच सुरू झाला आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत कलमांची विद्या रुजली तेव्हा कलमासाठी काड्या घेतल्या त्या स्थानिक कोयीच्या झाडांवरूनच. मराठवाड्यात आज ज्याची विस्तीर्ण लागवड आहे त्या केशर आंब्याला ते नाव जुनागडच्या नवाबाने दिले ते १९३४ साली. म्हणजे एका संस्थानातील झाडाचे बाजारातील राज्यारोहण काही पुराणकाळात घडलेले नाही, आपल्या आजोबांच्या हयातीत घडले आहे. मग १९३४ नंतर अशी झाडे जन्मास येणे बंद झाले, असे मानण्यास आधार कोणता? खुद्द हापूसची कथाही लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या गरात साका होतो, तो एका वर्षी लदबदतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, हे त्याचे दोष बागाईतदारांना पिढ्यान्‌पिढ्या छळीत आले. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना हा वाण दिला, ज्यात साका होत नाही. हापूसच्या उणिवेवरचा उतारा हापूसमध्ये नव्हता. तो दुसऱ्या वाणाकडून आणावा लागला.

आणि ज्या कलमांच्या जोरावर रायवळला हिणविले जाते, ती कलमे उभी तरी कशावर असतात? कोय कलम बांधताना खुंट म्हणून रायवळाच्या कोयीचे रोप लागते. रोपवाटिकांतून दर मोसमात रायवळाच्या कोयींची खरेदी होते ती त्यासाठीच. राजाच्या पालखीखाली जे खांदे आहेत त्यांनाच गाळ म्हणून उकिरड्यावर टाकण्याचा हा विचार आहे. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी चाकणहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगावापर्यंत जावे आणि तेथील द्राक्षबागाईतदाराला डॉगरिज म्हणजे काय ते विचारावे. खारवट पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून थॉमसन सीडलेसची कलमे तो ज्या खुंटावर बांधतो, तो अमेरिकेतील रानटी द्राक्षवेलींच्या गोतावळ्यातला आहे. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या कीटकाने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले तेव्हा त्यांना तारणारे खुंटही अमेरिकेच्या रानांतूनच आले होते. ज्यांना बाजारात किंमत नव्हती त्या रानवेलींनी बाजार वाचविला. रायवळाचे झाड आज निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्याने उद्याचा रोग कोणता, उद्याचा पाऊस किती आणि उद्याची उष्णता कशी, हे आधी सांगावे. ते सांगता येत नसेल तर उपयोगाचा निवाडा आजच देण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही. साठ वर्षांहून जुने जे झाड खेडच्या शिवारात आज उभे आहे त्याने १९७२ चा दुष्काळ सोसलेला आहे; कोणत्याही प्रयोगशाळेला इतक्या वर्षांची परीक्षा घेता येणार नाही.

तिसरा मुद्दा संग्रहालयांचा. हा मुद्दा करणाऱ्यांना बियाणे म्हणजे धान्याचे वा भाजीपाल्याचे बी एवढेच ठाऊक असते. चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथून जवळच राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी केंद्र शासनाची संस्था आहे. कांद्याचे बी सुकवून थंड जागी ठेवले तर टिकते, आणि म्हणून त्याच्या वाणांचा संग्रह डब्यांतून व पाकिटांतून करता येतो. आंब्याच्या कोयीची प्रकृती निराळी. ती वाळली की मरते आणि गोठविली तरी मरते. ताज्या कोयीचा जीव काही आठवड्यांचा. त्यामुळे आंब्याचा वाण जतन करावयाचा म्हणजे झाडच जतन करावे लागते. जमीन, पाणी, राखणदार आणि अनेक दशकांचा खर्च यांवाचून ते होत नाही. ऑलिव्हचे प्रसिद्ध संग्रह स्पेनमध्ये कोर्दोबा येथे व मोरोक्कोत मर्राकेश येथे आहेत. तेही उघड्या रानातल्या बागाच आहेत, शीतगृहे नव्हेत. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवरही आंब्याचे संग्रह आहेत आणि ते सांभाळणाऱ्यांची निष्ठा वादातीत आहे. पण त्यांच्या एकरांना मर्यादा आहे, आणि ज्या झाडाची त्यांना खबरच लागली नाही ते त्यांच्या संग्रहात येणार तरी कसे? झाड तोडण्याच्या परवान्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘आंबा’ एवढेच लिहिले गेले, की तो शेप्या होता की खोबऱ्या, हे विचारण्याची वाटच बंद होते.

शिवाय संग्रह कितीही मोठा असला तरी तो भूतकाळाचा साठा असतो. नवे वाण तेथे जन्मत नाहीत. ते जन्मतात ते निरनिराळ्या झाडांचा मोहोर एकमेकांजवळ फुलतो, कीटक परागाची ने-आण करतात, कोय ओढ्यात पडते आणि एखादे रोप जनावरांच्या तोंडातून वाचते तेव्हा. ही प्रक्रिया चालण्यास ओढ्याचा काठ लागतो, बांध लागतो, थोडी बेवारस जागा लागते. आणि औद्योगिक वसाहतीची आखणी नेमकी अशाच जागेचा नायनाट करते. भीमाशंकरच्या परिसरातील देवराया आजवर राहिल्या त्या देवाच्या धाकाने. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्या धाकामागचे जीवशास्त्रीय मोल विद्वानांच्या नजरेस आले. बांधावरच्या आंब्याला देवाचे संरक्षण नव्हते. त्याचे रक्षण केले ते मालकाच्या जिभेने आणि गावाच्या आठवणीने. मालक जमीन विकून गेला की ते दोन्ही संपतात. त्यांची जागा घेणारी तिसरी काही व्यवस्था निर्माण करणे हे राज्यकर्त्यांचे काम होते, आणि ते झालेले नाही.

उरला भावुकतेचा आरोप. हा आरोप करणाऱ्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र एकदा उघडून पाहावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचे विवेचन आहे. आंबा आणि फणस यांची लाकडे आरमाराच्या कामाची आहेत हे तेथे मान्य केले आहे, आणि तरीही रयतेने लेकराप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेल्या त्या झाडांना हात लावू नये, अगदी जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा दंडक घातला आहे. हा हुकूम लिहिणारा मुत्सद्दी मोगलांच्या धामधुमीत राज्य सावरलेला मनुष्य होता आणि गलबते ही त्या काळची युद्धसामग्री होती. त्याला हळवा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. राज्याची गरज खरी असूनही झाडाची किंमत वेगळी मांडावी लागते, एवढा विवेक त्याच्यापाशी होता.

यंत्रयुगाचा हवाला देणाऱ्यांनी तर पिंपरीचाच इतिहास आठवावा. या साऱ्या पट्ट्यातील आद्य मोठ्या उद्योगांपैकी एक म्हणजे १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना. पेनिसिलिन ही त्याची ओळख. तेथील संशोधकांनी साठीच्या दशकाच्या आरंभी बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन हे औषध शोधून काढले, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले तो पिंपरीच्या मातीतच सापडला. शास्त्रीय नावातही त्याला पिंपरीची मुद्रा मिळाली, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पायाखालच्या मातीत काय आहे याची चौकशी करणे ही त्या पिढीच्या उद्योगाची रीत होती, आणि तीतून औषध निघाले, माल निघाला, कीर्तीही निघाली. स्थानिक जीवसृष्टीचे वैविध्य आणि कारखानदारी यांचा संबंध नाही असे जे म्हणतात, त्यांना आपल्याच औद्योगिक नगरीचा पहिला अध्याय ठाऊक नाही.

मग करावे काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अवघड नाही. कोणतेही झाड कधीच तोडू नये असा हट्ट प्रस्तुत लेखक धरीत नाही. वाहनांच्या रांगा आणि अपघात रोज पाहणाऱ्याने तसा हट्ट धरणे शोभणारही नाही. मागणी एवढीच की, कोयीपासून वाढलेला जुना आंबा तोडण्याचा परवाना देण्यापूर्वी त्याचा पंचनामा वाण म्हणून व्हावा: फळ कसे, मोहोर केव्हा, पाड केव्हा, कशासाठी वापरले जाई, हे पूर्वीच्या मालकाला आणि गावातील जाणत्या माणसांना विचारून लिहून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या काड्या काढून निदान काही कलमे बांधली जावीत, आणि ती हाती येईपर्यंत कुऱ्हाड थांबावी. औद्योगिक वसाहतींच्या आराखड्यांत मोकळ्या जागा राखलेल्या असतात. त्यांपैकी एखाद्या जागेत हिरवळीच्या गालिच्याऐवजी त्या त्या गावच्या वाणांची मातृबाग उभी करावी. गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्राचा सल्ला पुण्यातच उपलब्ध आहे. यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने प्रत्येक स्थानिक संस्थेला समिती नेमून लोकांच्या सहभागाने जैवविविधतेची नोंदवही ठेवण्याचे काम सोपविलेले आहे, आणि २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिलेला आहे. कर्नाटकात सह्याद्रीच्या नदीकाठच्या रानटी झाडांवरून निवडलेल्या अप्पेमिडी या लोणच्याच्या कैरीला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील लोकांनी झाडे ओळखली, त्यांच्या काड्या जपल्या, आणि बाजाराने त्यांची कदर केली. खेड, मावळ आणि हवेली तालुक्यांतील झाडांत तशी योग्यता नाही, असा निर्णय त्यांची एकही नोंद न घेता देता येत नाही.

या सर्वाचा खर्च एका कारखान्याच्या प्रवेशद्वाराच्या शोभेइतकाही होणार नाही. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही, मोजमापाचा आहे. चुकीच्या मापाने मोजलेला माल कोणताही कारखाना स्वीकारीत नाही; सुट्या भागात केसाएवढा फरक पडला तरी चाकणचा निरीक्षक सबंध खेप परत पाठवितो. तोच काटेकोरपणा त्याने आपल्या कुंपणातील झाडाला लावावा, एवढेच आमचे मागणे आहे. ज्याला झाड तोडावयाचे आहे त्याने ते झाड कोणत्या वाणाचे होते आणि तो वाण आता कोठे जिवंत आहे, हे दोन प्रश्न लेखी सोडवून दाखवावेत. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे, झाडावर नाही. ही दोन उत्तरे दप्तरात नसतील, तर लावलेल्या रोपांचा आकडा कितीही मोठा असो, त्याला भरपाई हे नाव देणे म्हणजे खोटा ताळेबंद सहीशिक्क्यानिशी मंजूर करून घेणे होय.